केसाच्या विसाव्या भागाएवढा हेलकावा

दिल्लीचा कुतुबमिनार या क्षणीही हलतो आहे. उंची ७२.५ मीटर, पायथ्याशी रुंदी १४ मीटरच्या आसपास, शेंड्याशी जेमतेम ३ मीटर, आणि वजन हजारो टनांत. एक हेलकावा पुरा करायला त्याला सव्वा सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. दिवसाला होतात ६८ हजार हेलकावे, वर्षाला अडीच कोटी. कुतुबुद्दीन ऐबकाच्या काळात, ११९९ च्या सुमारास, या मिनाराचे काम सुरू झाले. आजचीच लय धरून ८०० वर्षांचा हिशेब मांडला तर आकडा २ हजार कोटींच्या घरात जातो. यातला शांत दिवसांतला एकही हेलकावा नुसत्या डोळ्यांनी दिसलेला नाही.

दिसणार तरी कसा? वारा पडलेला आहे, जमीन शांत आहे, अशा वेळी शेंड्यावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक लाखांश आहे असे धरू. शाळेत शिकलेल्या दोलनाच्या सूत्रात हे त्वरण आणि ही लय घातली की शेंडा मधल्या जागेपासून किती सरकतो ते निघते: सुमारे ४ मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी ८० मायक्रॉन मानली तर हा त्या केसाचा विसावा भाग झाला. मिनाराच्या उंचीशी तुलना केली तर एक कोटी ऐंशी लाखावा. गेल्या काही दशकांत जगभरचे अभियंते जुन्या मनोऱ्यांवर, घुमटांवर, चर्चच्या घंटाघरांवर चढून एवढी बारीक थरथर मोजू लागले आहेत, आणि तिच्या आधाराने संगणकातली इमारत खऱ्या इमारतीशी जुळवू लागले आहेत. स्थापत्यशास्त्रात इतक्या लहान गोष्टीवरून इतक्या मोठ्या गोष्टीबद्दल बोलण्याचे धाडस दुसरीकडे क्वचितच दिसते.

हे धाडस करावे लागते, कारण दुसरा मार्ग फारसा नाही. कुतुबमिनार बाहेरून लाल आणि पिवळसर वालुकाश्माचा दिसतो, वरच्या मजल्यांवर संगमरवर आहे. ही झाली फक्त कातडी. घडीव दगडांच्या या आवरणामागे दगड-चुन्याचा भराव आहे, मध्यभागी दगडी गाभा आहे, आणि त्या गाभ्याभोवती ३७९ पायऱ्या गोल फिरत वर जातात. भराव कितपत घट्ट आहे, चुना कुठे झिजला आहे, कातडी आणि भराव अजून एकमेकांना धरून आहेत की मधे फट पडली आहे, हे बाहेरून कळत नाही. नव्या पुलाच्या बाबतीत काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत चिरडता येतो. युनेस्कोने १९९३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मिनाराच्या पोटात मजल्यामजल्यावर भोके पाडून नमुने काढण्याची कल्पनाही करवत नाही. शिवाय एका ठिकाणचा नमुना त्या ठिकाणापुरतेच सांगतो. कंपन मात्र सगळ्या मिनाराचे एकत्र असते. त्यात प्रत्येक दगडाचा वाटा असतो.

आता संगणकाची बाजू. फायनाइट एलिमेंट पद्धतीत इमारतीचे छोटे छोटे तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्याचे गणित मांडतात आणि सगळे तुकडे कोपऱ्यांवर जोडतात. मध्यम आकाराच्या मॉडेलमध्ये असे १ लाख सांधे सहज असतात. प्रत्येक सांधा तीन दिशांना हलू शकतो, म्हणजे ३ लाख अज्ञात संख्या. कोणता सांधा कोणत्या सांध्याला किती जोराने ओढतो याचा तक्ता केला तर ३ लाख ओळी आणि ३ लाख रकाने, एकूण ९ हजार कोटी चौकटी. शाळेतल्या रीतीने एकेक अज्ञात काढून टाकत, सेकंदाला एक गुणाकार या वेगाने, न झोपता हा तक्ता सोडवायला बसले तर सुमारे २८ कोटी वर्षे लागतील. सुदैवाने प्रत्येक सांधा फक्त आपल्या शेजाऱ्यांनाच ओळखतो. त्यामुळे दर ३,७०० चौकटींमागे एखादीच भरलेली असते आणि बाकी सगळीकडे शून्य. या शून्यांना वगळून चालणारी गणिते गेल्या साठ-सत्तर वर्षांत घडली, म्हणून आज एखाद्या संशोधकाच्या टेबलावरचा संगणक हे काम काही मिनिटांत उरकतो.

पण या प्रचंड तक्त्यात भरायचे काय? इथे आकडे एकदम लहान होतात. १ लाख सांध्यांच्या मॉडेलला बाहेरून हव्या असलेल्या अज्ञात गोष्टी मोजक्या आठ-दहाच असतात: कातडीच्या दगडी बांधकामाचा ताठपणा, भरावाचा ताठपणा, गाभ्याचा, वरच्या मजल्यांचा, पायाखालच्या जमिनीचा, आणि प्रत्येकाची घनता. आणि या आठ-दहा गोष्टींबद्दलचे आपले अज्ञान अवाढव्य असते. ठिसूळ डबर बांधकामाचा स्थितिस्थापकता गुणांक एक गिगापास्कलच्या आसपास असू शकतो, घट्ट सांध्यांच्या घडीव दगडाचा त्याच्या कित्येक पट. पुस्तकातून एक आकडा उचलून मॉडेलमध्ये घातला तर उत्तर निम्मे येईल की दुप्पट, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. ३ लाख अज्ञातांचे समीकरण दहाव्या दशांशापर्यंत सोडवायचे आणि त्यात घातलेला मूळ आकडाच पाचपट चुकलेला असायचा, ही या क्षेत्रातली सर्वांत घातक जोडी आहे. रंगीत चित्रे मात्र दोन्ही वेळेला सारखीच देखणी येतात.

म्हणून मिनारालाच विचारायचे. या शतकाच्या पहिल्या दशकात, भारत आणि युरोपीय संघाच्या एका संयुक्त प्रकल्पात, पोर्तुगालमधील मिन्यो आणि इटलीतील पादोवा या विद्यापीठांच्या अभियंत्यांनी कुतुबमिनारची कंपने मोजली. अशा मोजणीत मिनाराला मुद्दाम हलवत नाहीत. वारा, रस्त्यावरची वाहने, जमिनीतून सतत येणारी सूक्ष्म थरथर, एवढे पुरते. महासागरांच्या लाटासुद्धा खंडांच्या पोटापर्यंत जमीन अव्याहत हलवत असतात, त्याचाही अंश यात असतो. दगडी मनोऱ्यात ऊर्जा किती लवकर विरते ते पाहा: विरलन १ टक्का धरले तर धक्का थांबल्यावर अकरा हेलकाव्यांत, म्हणजे सुमारे चौदा सेकंदांत, हालचाल निम्मी होते. तरीही मिनार कधीच थांबत नाही, कारण त्याला नवी थाप क्षणोक्षणी मिळत राहते.

वेगवेगळ्या उंचीवर त्वरणमापक बसवतात. ते गुरुत्वत्वरणाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासचे बदल टिपू शकतात. त्यांच्यामागचे २४ बिटांचे यंत्र येणारा संकेत १,६७,७७,२१६ पायऱ्यांमध्ये विभागते. सेकंदाला १०० नोंदी, २० मापक आणि ४० मिनिटे असा हिशेब केला तर ४८ लाख संख्या जमतात. हीच रचना कायमची बसवून वर्षभर चालू ठेवली तर ६,३०० कोटी. आता यातून हाती काय लागते? सात-आठ वारंवारिता, प्रत्येकीबरोबर मिनार कोणत्या आकारात वाकतो त्याचा एक आराखडा, आणि विरलनाचा एक ढोबळ अंदाज. एका पोस्टकार्डावर मावेल एवढेच. मला या विषयात सर्वांत जास्त थक्क करते ती ही घट. लाखो नोंदींतली गर्दी, गाड्यांची घरघर, वाऱ्याचा लहरीपणा, सगळे गाळून पडते आणि इमारतीच्या स्वतःच्या स्वभावाच्या मोजक्या संख्या तेवढ्या उरतात.

कुतुबमिनारच्या बाबतीत पहिल्या दोन वारंवारिता निघाल्या ०.७९ आणि ०.८१ हर्ट्झच्या आसपास. जोडी का? मिनार जवळजवळ गोल आहे, म्हणून तो दोन काटकोनी दिशांना जवळजवळ सारखाच डोलतो. अगदी सारखा डोलत नाही, कारण दरवाजे आहेत, खिडक्या आहेत, जिना आहे, आठ शतकांची डागडुजी आहे. या दोन संख्यांमधला ०.०२ चा फरक ओळखायचा तर पन्नास सेकंदांहून कमी नोंद चालतच नाही. त्याहून कमी वेळात दोन्ही लयी एकमेकींपासून सुटतच नाहीत. प्रत्यक्षात पहिल्या हेलकाव्याच्या काळाच्या हजार ते दोन हजार पट, म्हणजे वीस ते चाळीस मिनिटे, सलग नोंद घ्यावी असा या कामातला दंडक आहे. पुढची जोडी २ हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना आहे. त्या आकारात मिनाराचा मधला भाग एका बाजूला जातो आणि शेंडा त्याच्या उलट दिशेला.

मग सुरू होते जुळवाजुळव, म्हणजे मॉडेलचे कॅलिब्रेशन. मॉडेलमध्ये गुणांक घालायचे, वारंवारिता काढायच्या, मोजलेल्यांशी ताडून पाहायच्या, फरक राहिला तर गुणांक बदलायचे. वारंवारितेचा वर्ग ताठपणाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वारंवारितेत १० टक्क्यांची चूक दिसली तर ताठपणात ती २१ टक्क्यांची असते. आणि दहा अज्ञातांना प्रत्येकी दहा किमती देऊन सगळ्या जोड्या आंधळेपणाने तपासायच्या म्हटल्या तर मॉडेल १ हजार कोटी वेळा चालवावे लागेल. एका वेळेला एक मिनिट धरले तर १९ हजार वर्षे. म्हणून आधी कोणता गुणांक हलवला की कोणती वारंवारिता किती सरकते ते पाहतात, ज्यांचा काही परिणामच होत नाही त्यांना बाजूला ठेवतात, आणि उरलेल्या चार-पाचांवर लक्ष देतात. डग्लस आणि रीड यांनी १९८२ मध्ये पुलांच्या चाचण्यांसाठी सुचवलेली एक रीत अजून वापरात आहे. मोठे मॉडेल थोड्याच वेळा चालवायचे, त्यातून वारंवारिता आणि गुणांक यांच्यातले एक सोपे सूत्र बांधायचे, आणि मग लाखो तपासण्या त्या सूत्रावर करायच्या.

इथे एक सापळा आहे आणि त्यात हुशार माणसेही सापडतात. वारंवारितांवरून ताठपणा आणि घनता यांचे फक्त गुणोत्तर कळते. दगड दुप्पट ताठ आणि दुप्पट जड केला तर मिनार त्याच लयीत डोलेल. सगळ्या ३ लाख समीकरणांची उत्तरे तीच येतील, आणि वजन मात्र दुप्पट चुकलेले असेल. घनता दुसरीकडूनच आणावी लागते. दुसरा सापळा पायाचा. मिनार ताठ आणि जमीन मऊ, किंवा मिनार मऊ आणि जमीन ताठ, दोन्ही मॉडेलांची पहिली वारंवारिता नेमकी ०.७९ बसवता येते. एका संख्येवरून त्यांच्यात निवड करता येत नाही. दुसरी आणि तिसरी जोडी बघावी लागते, कारण मऊ जमीन पहिल्या हेलकाव्याला जेवढी खाली ओढते तेवढ्याच प्रमाणात वरच्यांना ओढत नाही. वाकण्याचे आकारही ताडून पाहावे लागतात. त्यासाठी शून्य ते एक असा गुण देतात. एक म्हणजे आकार तंतोतंत जुळला. वारंवारिता जुळल्या पण आकार जुळले नाहीत, तर आपण चुकीच्या कारणाने बरोबर उत्तरावर पोहोचलो आहोत असे समजावे.

इमारतीचा स्वभावही दिवसागणिक बदलतो. इटलीतल्या मांतोवा शहरात तोर्रे देल्ला गाब्बिया नावाचा ५४ मीटर उंच मध्ययुगीन विटांचा मनोरा आहे. मे २०१२ मध्ये एमिलिया प्रांतात भूकंप झाले, त्यानंतर मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या कार्मेलो जेंतिले आणि अंतोनेल्ला सायझी यांनी या मनोऱ्याची कसून तपासणी केली. शेंड्याकडे फक्त तीन त्वरणमापक आणि एक तापमापक, एवढ्या सामग्रीवर त्यांनी वर्षाहून जास्त काळ नजर ठेवली. मनोऱ्याच्या पहिल्या दोन वारंवारिता एका हर्ट्झच्या आसपास आहेत. उन्हाने विटा प्रसरण पावतात, बारीक भेगा मिटतात, मनोरा ताठ होतो आणि वारंवारिता चढते. रात्री, थंडीत, ती उतरते. नुकसानीने होणारा बदल आणि तापमानाने होणारा बदल आकाराने सारखेच असू शकतात. कोणता कोणाचा हे ओळखायला महिनोन्महिन्यांची नोंद जवळ असावी लागते. ती होती, म्हणून २१ जून २०१३ रोजी शंभराहून जास्त किलोमीटर दूर गार्फान्याना भागात ५.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा तापमानाचा परिणाम वजा केल्यावर मांतोवाच्या मनोऱ्याच्या वारंवारिता खाली आलेल्या दिसल्या. एवढ्या लांबच्या धक्क्याने विटांमध्ये काहीतरी सैल झाले होते आणि ते तीन मापकांनी पकडले. ज्या कोणाला वाटते की वारसावास्तूंची देखरेख म्हणजे कोट्यवधींची यंत्रणा, त्याने हा मनोरा लक्षात ठेवावा.

आता सर्वांत मोठी उडी. ही सगळी मोजणी गुरुत्वत्वरणाच्या एक लाखांश एवढ्या थरथरीवर झाली. भूकंप किती मोठा असतो? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला धरणीकंप झाला. धरणाच्या आतल्या मार्गिकेत बसवलेल्या मापकाने भिंतीला आडव्या दिशेत गुरुत्वत्वरणाच्या ०.४९ पट आणि भिंतीच्या लांबीच्या दिशेत ०.६३ पट त्वरण नोंदवले. धरण कोसळले नाही, पण त्याच्या उंच भागांत भेगा पडल्या. ही नोंद आणि या भेगा आज जगभर धरणांची संगणकीय मॉडेल पारखायला वापरल्या जातात. साताऱ्याच्या डोंगरातली ती पहाट कित्येक देशांतल्या अभियंत्यांच्या संगणकात पुन्हा पुन्हा चालवली गेली आहे. ०.४९ ला एक लाखांशाने भागले की ४९ हजार येतात. म्हणजे ज्या हालचालीवर मॉडेल जुळवले, तिच्या सुमारे पन्नास हजार पट मोठ्या हालचालीबद्दल त्याच मॉडेलला प्रश्न विचारायचा आहे.

जुने दगडी बांधकाम या पल्ल्यात स्वभाव बदलते. सूक्ष्म थरथरीत बारीक भेगांच्या दोन्ही कडा घर्षणाने एकमेकींना धरून असतात. मोठ्या धक्क्यात त्या सुटतात. इस्तंबूलच्या आया सोफियावर १९९१ मध्ये भूकंपमापक बसवले गेले. १,४०० वर्षांहून जुना, सुमारे ३१ मीटर व्यासाचा तो घुमट ज्या इमारतीवर आहे, ती भूकंपात नेहमीच्या थरथरीपेक्षा कमी वारंवारितेने हलते, म्हणजे मऊ होते, हे नोंदींतून दिसले. शांत दिवशी मोजलेला ताठपणा हा त्या इमारतीचा सर्वाधिक ताठपणा असतो. तो भूकंपाच्या गणितात जसाच्या तसा घातला तर फसगत होते. जुळवलेले मॉडेल ही सुरुवात आहे. त्यापुढे भेगा पडणे, दगड सरकणे, चुना तुटणे हे वेगळे नियम त्यात घालावे लागतात, आणि शतकांपूर्वीच्या मोडतोडीच्या नोंदींशी ते ताडून पाहावे लागतात. हे दुसरे काम सोडून पहिल्यावरच समाधान मानणारे अहवाल मला अस्वस्थ करतात.

कुतुबमिनारवर हे दुसरे काम झाले. फर्नांडो पेन्या, पाउलो लौरेन्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी एकाच मिनाराची वेगवेगळ्या जातकुळीची मॉडेल केली: एक घन तुकड्यांचे भरगच्च, एक तुळयांसारख्या मोजक्या दांड्यांचे, आणि एक न वाकणाऱ्या पण सांध्यांवर उघडणाऱ्या ठोकळ्यांचे. सगळी मोजलेल्या कंपनांशी जुळवली. छोट्या मॉडेलांची गरज वेळेमुळे पडते. २० सेकंदांचा भूकंप सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या टप्प्यांनी चालवला तर २ हजार टप्पे होतात, प्रत्येक टप्प्यावर भेगांमुळे दहा वेळा गणित फिरवावे लागले तर २० हजार उत्तरे काढावी लागतात, आणि तेही एकाच भूकंपासाठी. लाखो तुकड्यांच्या मॉडेलला ते पेलवत नाही.

मिनाराला आडवा जोर हळूहळू वाढवत ढकलून पाहिले तेव्हा गणिताने पायथा दुबळा दाखवला. खऱ्या भूकंपासारखी जमीन सेकंदागणिक हलवून पाहिली तेव्हा मात्र धोका वरच्या मजल्यांवर गेला. पुरावा कोणाच्या बाजूने? १ सप्टेंबर १८०३ च्या मोठ्या भूकंपात मिनाराचा शेंड्यावरचा घुमटाकार भाग पडला आणि पायथा जागेवर राहिला. रॉबर्ट स्मिथ या अधिकाऱ्याने १८२८ मध्ये त्या जागी नवी छत्री बसवली. गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ती १८४८ मध्ये उतरवायला लावली. जमीन हलवून केलेले गणित इतिहासाशी जुळते, ढकलून केलेले जुळत नाही. कारण वरच्या वारंवारितांमध्ये आहे: ज्या हेलकाव्यात मधला भाग एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे जातो, तो भूकंपात जागा होतो आणि बारीक होत गेलेल्या वरच्या मजल्यांना झोडपतो. सावकाश ढकलण्याच्या गणितात तो हेलकावा जवळजवळ येतच नाही. कॅलिब्रेशन करताना ०.७९ बरोबर साधली की पुढच्या जोड्यांमध्ये थोडाफार फरक राहू देण्याचा मोह होतो, कारण त्यांचे संकेत क्षीण असतात आणि नोंदी गोळा करायला वेळ जातो. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांचे भवितव्य मात्र त्याच जोड्यांवर अवलंबून आहे.